पाहुण्यांची तारीख

आमच्या कांजूरच्या घरात खिडक्या उघडायच्या की नाहीत हे वारा ठरवतो. वारा कचऱ्याच्या डम्पिंगकडून आला की सगळ्या खिडक्या बंद, मग पंख्याखाली घामाघूम होत बसा. त्या बंद खिडक्यांच्या आत, बेडरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी मलावी नावाच्या आफ्रिकेतल्या देशात येणाऱ्या मदतीचा समन्वय करते. सोसायटीत कुणाला हे सांगितलं की समोरची बाई आधी 'अच्छा' म्हणते आणि मग हळूच विचारते, "म्हणजे नक्की काय करता?"

म्हणजे असं, की गरीब देशाला मदत करणारे पुष्कळ असतात. श्रीमंत देशांची सरकारं असतात, मोठमोठ्या संस्था असतात, आणि सगळ्यांना चांगल्या रस्त्यावरचं गाव हवं असतं. एका गावात तिघं विहिरी खणतात, पलीकडच्या गावात कुणी फिरकत नाही. तसं होऊ नये म्हणून सगळ्यांना एका बैठकीत बसवायचं, कोण कुठे काय देणार ते ठरवायचं आणि मग ठरलेलं होतंय का म्हणून त्यांच्या मागे लागायचं. लग्नघरात एखादी मावशी असते, स्वतः काही रांधत नाही पण सगळ्यांना पळवते, तीच मी. काही वर्षं तिथे राहून हे काम केलं. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून परत आले. काम लॅपटॉपमधून माझ्या मागोमाग आलं.

सासूबाईंची खाट त्याच खोलीत आहे. मूळच्या मालवणकडच्या, सासरे गिरणीत होते तेव्हापासून मुंबईत, पण बोली बदललेली नाही. इंग्रजी येत नाही, तरी माझ्या प्रत्येक बैठकीला त्या पडल्या पडल्या हजर असतात. बैठक संपली की एकच प्रश्न, "मगे? त्या पोरांका खाऊ गावलो काय?"

खाऊ म्हणजे शेंगदाण्याची पेस्ट. शेंगदाणे, दुधाची पावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वं घालून केलेली, हातात मावेल एवढ्या लाल पाकिटात भरलेली. अगदीच खंगलेल्या मुलांसाठीचं औषधच ते. पाणी लागत नाही, शिजवावं लागत नाही, कोपरा फाडायचा आणि मुलाच्या तोंडात पिळायचं. मी एकदा चाखून बघितली होती. थेट संक्रांतीच्या गुळपोळीतल्या सारणाची चव. काही आठवड्यांत मूल बसायला लागतं, रडायला लागतं. आधी रडण्याचीही ताकद नसते.

ही पाकिटं जायची तिकडच्या एका जिल्ह्यातल्या छोट्या रुग्णालयात, कुपोषित मुलांच्या वॉर्डात. तिथली मुख्य परिचारिका माझी जुनी मैत्रीण. तिथे असताना तिच्या घरी मी किती वेळा मक्याची घट्ट उकड आणि पालेभाजी जेवले असेन. ती फार बोलत नाही, पण बोलली की लागतं. दर बैठकीनंतर ती मला वॉर्डातून व्हिडिओ कॉल करायची आणि मुलं दाखवायची. त्यात एक मुलगी होती, दोनेक वर्षांची. आई बाळंतपणात गेलेली, आजी पाठीला बांधून लांबच्या गावातून आणायची. ही पोरगी कुणाकडे बघून हसायची नाही, कपाळाला आठ्या घालून एकेकाला न्याहाळायची, जणू वॉर्ड तपासायला आलीय. आम्ही तिला इन्स्पेक्टरीण म्हणायचो. सासूबाईंनाही ती आवडायची. "गे, ती रागीट खंय?" म्हणून मला फोन फिरवायला लावायच्या.

मुलांच्या दंडाला एक रंगीत पट्टी लावून बघतात. पट्टी लालवर थांबली तर मूल धोक्यात, पिवळ्यावर आलं तर सुधारतंय, हिरव्यावर गेलं की घरी. इन्स्पेक्टरीण लालवरून पिवळ्यावर आली त्या दिवशी आजीने वॉर्डातच फेर धरला. परिचारिका म्हणाली, "आणखी काही आठवडे पाकिटं मिळाली की हिरवी. मग हिची बदली दुसऱ्या खात्यात."

आणि पाकिटं होती. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. पाकिटं होती. सगळ्यात मोठ्या देणगीदाराने पाठवलेला माल बंदरातून, सीमेवरून, सगळे सोपस्कार उरकून जिल्ह्याच्या गोदामात येऊन पडला होता. रुग्णालय तिथून चालत जाण्याइतकं जवळ. फक्त हस्तांतरणाचा समारंभ व्हायचा होता.

हा समारंभ म्हणजे आमच्या धंद्याची रीत. देणगीदाराचा मोठा पाहुणा येणार, तिकडच्या सरकारचा मंत्री येणार, मागे बॅनर, पुढे खुर्च्या, बायकांचं नृत्य, भाषणं, आणि मग एक खोका या हातातून त्या हातात. फोटो निघतो, सह्या होतात, आणि त्या सहीबरोबर माल देणगीदाराचा राहत नाही, त्या देशाचा होतो. सही होईपर्यंत एक पाकीटही हलवायचं नाही. आधी वाटून टाकलं तर फोटोत काय दाखवणार? पाहुण्याला तारीख असली की मंत्री दौऱ्यावर, मंत्र्याला वेळ असला की पाहुणा सुट्टीवर. माझी निम्मी ताकद त्या दोघांच्या तारखा जुळवण्यात जात होती.

आमच्या बिल्डिंगसमोर एक छोटी बाग आहे. झोपाळे लागले, रंग लागला, नळ आला, आणि दाराला कुलूप, कारण उद्घाटनाला साहेबांची तारीख मिळेना. सोसायटीतली कार्टी भिंतीवरून उड्या टाकून आत जातात आणि मजेत झोपाळे खेळतात. मी हे परिचारिकेला सांगितलं. तशी ती खूप हसली. म्हणाली, "इकडे गोदामाच्या भिंतीपाशी बंदूकवाला पहारेकरी आहे गं. नाहीतर मी या वयातसुद्धा चढले असते."

मग एके दिवशी दुपारी मेल आली. देणगीदार देशाने आपलं मदतीचं खातंच बंद केलं होतं. काम थांबवा, काही हलवू नका, पुढच्या सूचनांची वाट बघा. पुढच्या सूचना देणारे लोकही त्याच मेलने घरी गेले होते. मी ज्याच्याशी तारखांबद्दल रोज बोलायची त्या अधिकाऱ्याला फोन लावला. तो सामान बांधत होता. "मॅडम, मी सही करू शकत नाही, मी आता कुणीच नाही," तो म्हणाला. त्याच्यावर ओरडायचं म्हणून मी फोन लावला होता, तेही जमलं नाही.

गोदाम भरलेलं, मालक पळालेला. माल जिल्ह्याचा नाही, कारण समारंभ झाला नाही. समारंभ होणार नाही, कारण देणारा उरला नाही. तिकडचं सरकार हात लावेना, दुसऱ्या देशाची मालमत्ता आहे म्हणून. मी बाकीच्या देणगीदारांच्या पाया पडायला लागले. अक्षरशः पाया पडणंच ते, फक्त इंग्रजीतून. थोडी पाकिटं तुम्ही विकत घेऊन द्या, एवढ्या एका वॉर्डापुरती, मी म्हणाले. एका बाईंनी शांतपणे विचारलं, "पण त्या जिल्ह्यात माल आहे ना?" आहे, मी म्हटलं, पण कुलपात. "मग आम्ही दिला तर एकाच ठिकाणी दोनदा मदत होईल. तुम्हीच तर सांगता, दोनदा नको."

खरं होतं. तेच तर माझं काम होतं, दोनदा होऊ न देणं. मी माइक बंद केला आणि टेबलावर डोकं टेकून रडले. वारा डम्पिंगकडून होता, खिडक्या बंद होत्या, आणि खाटेवरून प्रश्न आलाच. "नाही मिळाला, आई," मी खेकसले, "सारखं सारखं विचारू नका हो!" त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. संध्याकाळी मी चहा नेला तर माझ्याच डोक्यावरून हात फिरवला.

ते महिनेही वाईट होते. पेरणी झालेली, घरातला जुना मका संपलेला, नवा अजून शेतात उभा. तिकडे दरवर्षी याच दिवसांत वॉर्ड भरतो. वॉर्डातली आधीची पाकिटं संपली, तशी परिचारिकेने साखर, तेल आणि दुधाची पावडर जमवून काहीतरी घोटून द्यायला सुरुवात केली. दूध संपलं. तिने स्वतःच्या घरचे शेंगदाणे कुटले. ते किती पुरणार! व्हिडिओ कॉल कमी झाले. इन्स्पेक्टरीण पुन्हा लालवर आली, तेव्हा परिचारिकेने मला पट्टी दाखवली नाही, नुसतं सांगितलं. मी पोरीला बघायचं म्हटलं तर म्हणाली, "नको. ती आता आठ्या घालत नाही."

मी कुणाकुणाला लिहिलं ते सांगत बसत नाही. वकिलांना, बंद खात्याच्या जुन्या पत्त्यांवर, ओळखीच्या ओळखीच्या माणसांना. काहींची उत्तरं फार सहृदय होती. कुणी म्हणालं, वरपर्यंत पोचवलंय. वर कोण होतं देव जाणे. मी दिवसभर लॅपटॉपसमोर बसून राहायची, भाजी करपायची, नवरा ऑफिसातून येऊन मुकाट्याने खिचडी टाकायचा. माझी वाट लागली होती, पण माझी वाट लागून काय होतंय? मी जेवत होते.

मग मलेरियाचं निमित्त झालं आणि पोरगी गेली. परिचारिकेने दोन ओळींचा मेसेज पाठवला आणि पुढे लिहिलं की आजी तिला पाठीला बांधूनच घरी घेऊन गेली, तशीच, नेहमीसारखी. सासूबाईंना मी सांगितलं नाही. कसं सांगायचं ते कळेना आणि मग दिवस गेले.

पाकिटांवरची मुदत संपल्यावर मात्र सगळे जागे झाले. मुदत संपलेला माल गोदामात ठेवणं हा नियमभंग. त्याची रीतसर विल्हेवाट लावायची, म्हणजे जाळायचा. त्यासाठी बंद खात्याच्या वतीने सही करायला लगेच एक माणूस नेमला गेला. द्यायला सही नव्हती, जाळायला मिळाली. मला कळवण्यात आलं की सरकार, आरोग्य खातं, पर्यावरण खातं, बाकीचे देणगीदार, सगळ्यांना साक्षीदार म्हणून एका दिवशी एकत्र आणायचं. मी तारीख विचारली. पहिल्याच तारखेला सगळे हो म्हणाले.

आणखी एक नियम होता. ज्यांच्यासाठी माल आला होता त्यांच्यापैकी एक जण हजर हवा. ते परिचारिकेवर सोपवलं होतं. तिने कुणाला आणलं ते मला आधी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मी कांजूरमधून व्हिडिओवर साक्षीदार होते. खिडक्या बंदच होत्या. तिकडे गावाबाहेर मोठा खड्डा खणला होता, त्याच्यापासून लांब शामियाना, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. सगळं वेळेवर. पुढच्या रांगेत, आरोग्य खात्याच्या साहेबांच्या शेजारी, इन्स्पेक्टरिणीची आजी बसली होती. पाठ मोकळी. परिचारिका तिच्यामागे उभी होती आणि थेट कॅमेऱ्यात बघत होती, म्हणजे माझ्याकडे. मी नजर खाली घातली.

ट्रकमधून खोके उतरायला लागले. एक खोका फुटला आणि लाल पाकिटं जमिनीवर सांडली. आजी वाकून बघायला लागली. तिने मागे वळून परिचारिकेला काहीतरी विचारलं, परिचारिकेने मान डोलावली. मला त्यांची भाषा थोडी येते, पण ऐकू आलं नाही, आणि ऐकायची गरजही नव्हती. मग आग लावली. तेलामुळे चांगली पेटली. धूर शामियान्याकडे वळला तसे पाहुणे खुर्च्या मागे सरकवू लागले, कुणी नाकाला रुमाल लावला. शेंगदाणे भाजल्याचा वास येत असणार. माझ्याकडे फक्त डम्पिंगचा येत होता.

शेवटी एका अधिकाऱ्याने आभार मानले. नाव घेऊन माझे मानले, समन्वय उत्तम झाला म्हणून. टाळ्या वाजल्या. मग कार्यक्रमाच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या हातात बिस्किटाचा एकेक पुडा ठेवत एक बाई फिरली. आजीने पुडा घेतला, उलटसुलट करून बघितला. फोडला नाही. कमरेला गुंडाळलेल्या कापडाच्या टोकात नीट बांधला, गाठ ओढून बघितली आणि त्यावर हात ठेवून बसली.

सासूबाई केव्हा उशाला टेकून उठून बसल्या होत्या, मला कळलं नव्हतं. त्या माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होत्या.

"ती म्हातारी कोण गे?"

"त्या रागीट पोरीची आजी," मी म्हणाले. आता लपवून काय करायचं होतं? "पोरगी गेली, आई. मागेच गेली."

त्यांनी स्क्रीनवरच्या त्या गाठीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "मगे तो पुडो कोणाक बांधून घेता ती?"