मस्कतला गेलेलं मीठ

मस्कतची गोष्ट सांगतो म्हटल्यावर तुम्ही मनात विमान, वाळवंट, उंट असं सगळं मांडून बसला असाल. ते उचलून ठेवा. मी तोवर कशेडी घाटसुद्धा ओलांडला नव्हता. मस्कतला होता तो माझा दादा, एका कंपनीत फिटर. मी रत्नागिरीत राहून त्याच्या नकला करायचो.

नकला मी सगळ्यांच्याच करायचो. हेडमास्तरांच्या खोकल्यावर मला शाळेत छड्या मिळाल्या आणि गणपतीत बक्षीस. पण माझं खास काम म्हणजे कुत्रा. झोपेत कण्हणारा, भांडणारा, शेपटीवर पाय पडलेला, असे चार-पाच कुत्रे मी गळ्यात बाळगून होतो.

त्या वर्षी दादा दोन वर्षांनी रजेवर आला होता. जायला सहा दिवस उरले असताना एका संध्याकाळी तो अंगणाच्या गडग्याशी उभा राहून शेजारच्या काकांशी बोलत होता. मी गडग्याच्या दगडांआड बसून भांडणारा कुत्रा काढला. रस्त्याने एक खरा कुत्रा चालला होता. त्याला वाटलं, आपल्यालाच बोलतोय कोणीतरी. तो आवाजावर धावून आला आणि वाटेत दादाची पोटरी लागली. चावला आणि गेला. कुठला होता कोण जाणे, परत दिसला नाही.

आईने जखम साबणाने धुतली, सकाळी आम्ही सरकारी दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "कुत्रा दहा दिवस नजरेसमोर असता तर गोष्ट वेगळी. आता चौदा इंजेक्शनं, पोटात. एकही दिवस चुकवायचा नाही."

दादाने बोटांवर मोजलं. सहा इथे होणार, आठ उरणार. आणि व्हिसा थांबणार नव्हता. वेळेत पोचला नाही तर नोकरी गेली, इंजेक्शन चुकलं तर दादा. हे तो घरी बोलला नाही. वाटेत मला म्हणाला, "आईला चौदा सांगू नको. थोडी आहेत म्हण."

रोज सकाळी मी त्याच्याबरोबर जायचो. सिस्टर काचेची सिरिंज उकळत ठेवायच्या, दादा बाकावर आडवा होऊन माझं मनगट धरायचा. एक दिवस बेंबीच्या उजवीकडे, एक दिवस डावीकडे. मी कंपाउंडरच्या आवाजात, नाकातून म्हणायचो, "पुढचा पेशंट, पोट आणलंय का बरोबर?"

"हसवू नको रे," दादा डोळे मिटून म्हणायचा. "हसलं की जास्त दुखतं." पण मी गप्प बसलो तर एक डोळा उघडून बघायचा.

जायच्या दिवशी सहावं झालं. डॉक्टरांनी चिठ्ठी आणि आठ बाटल्या दिल्या. थर्मासमध्ये बर्फ भरून न्यायच्या, तिथे उतरलं की दवाखाना गाठायचा. बर्फ आणायचं काम मी मागून घेतलं. मिरकरवाड्यातून, जिथे मासळीसाठी बर्फ फोडतात तिथून, चांगली मोठी लादी आणली.

आता आमच्याकडे मे महिन्यात आंब्याचं आइस्क्रीम व्हायचं, लाकडी पॉटमध्ये. त्याचं हँडल फिरवून माझे दंड झालेले. बर्फात खडेमीठ घातलं की गारवा दुप्पट, हे मला कोणी शिकवायला नको होतं. कुत्रा मी काढला होता, दादासाठी एवढं तरी करावं म्हणून आई डबा भरत असताना मी गुपचूप दोन मुठी मीठ थर्मासात टाकलं आणि बूच घट्ट लावलं.

एस.टी.च्या खिडकीतून दादा म्हणाला, "आईला माझी आठवण आली तर माझा आवाज काढून दाखव."

चार दिवसांनी मी सिस्टरना शहाळी द्यायला गेलो. बोलता बोलता मिठाची फुशारकी मारली. त्या थांबल्या.

"पॉटात आइस्क्रीम कशाने गोठतं रे?"

"मिठाने."

"मग औषधाचं काय झालं असेल? गोठलं की ते बाद. आधी जा, तार कर."

तार ऑफिसात माझं अक्षर मलाच लागेना. औषध बाद, तिथल्या डॉक्टरकडे जा, एवढंच लिहिलं. उलट तार येणार नाही हे ठाऊक होतं. आमच्या दारात तारवाला आला की आई वाचण्याआधीच रडायला बसते, त्यामुळे दादा घरी कधीच तार करायचा नाही.

घरी मी काही बोललो नाही. आई संध्याकाळी म्हणायची, "दादाचं बोल ना जरा." मी दादाच्या आवाजात म्हणायचो, "आई, चहा टाक, साखर कमी." ती पदर तोंडाला लावून हसायची. मग मी उगीचच गाईला पाणी दाखवायला जायचो. गाईला नुकतंच दाखवलेलं असायचं.

दीड महिन्याने दादाची कॅसेट आली, रजेवर आलेल्या एकाबरोबर. कॅसेट म्हणजे सगळ्या वाडीचं पत्र. पडवीत टेपरेकॉर्डर मध्ये, भोवती वीस माणसं. दादाने एकेक करून सगळ्यांची विचारपूस केली, मग म्हणाला, "आता धाकट्याला पुढे बसवा."

मला पुढे ढकललं.

"गाढवा, औषधात मीठ घालतात? डॉक्टरने थर्मास उघडला तर आतून आठ कुल्फ्या निघाल्या. दोन फुटलेल्या. माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. तार आली तेव्हा कळलं हा कोणाचा स्वयंपाक. डॉक्टरने मात्र तिथल्या तिथे सगळं टाकून नवीन औषध सुरू केलं होतं, पहिल्यापासून. दंडात. पाच फक्त. परवा पाचवं झालं, मी ठणठणीत आहे. तू जेवतोस ना नीट?"

पडवी हसली. मी टेपकडे बघत राहिलो, कारण वर बघायची सोय नव्हती.

आई हसली नाही. माणसं गेल्यावर तिने माझा कान धरला, पण पिळला नाही, नुसता धरून ठेवला.

"मेल्या, मीठ घातलंस ते घातलंस. दीड महिना एकटा कुढत बसलास, मी काय मेले होते? आणि इथली सहा नि त्या आठ कुल्फ्या, चौदा होती ना? मला थोडी म्हणालास. दोघेही एकाच माळेचे मणी. ह्यापुढे ह्या घरात भुंकलास तर जेवण गडग्यापलीकडे वाढीन."