ओट्यावर बसणाऱ्या अक्का

सकाळी गौरीला दूध पाजत होते, तेवढ्यात सरलाचा फोन आला. "ताई, आज पोरले आनू नका. अक्का गयी," एवढंच बोलून तिने फोन ठेवला. माझ्या अडीच वर्षांच्या मुलीला सांभाळणाऱ्या अक्का गेल्या होत्या... दीड महिना झाला त्याला. तेव्हा खूप रडले. आता लिहायला बसले आहे ती मात्र रागाने, हे आधीच सांगून टाकते.

बँकेने जळगावहून धुळ्याला बदली केली तेव्हा गौरी सहा महिन्यांची होती आणि नवरा नोकरीपायी तिकडेच अडकलेला. पाळणाघरं पाहिली, एकही पटलं नाही. मग कुणीतरी देवपुरातल्या अक्कांचं नाव सुचवलं. गेले तर ओट्यावर बसलेल्या, मांडीवर शेजारचं मूल गाढ झोपलेलं. मी तिथेच विरघळले. तरी चौकशी केलीच. घरात दुसरं कोण? नवरा वारलेली सून, सरला. तिला मुलं? "नही," अक्का म्हणाल्या. मी आवाज खाली आणला. "मग गौरी तुमच्याच हातात राहू द्या, अक्का. सुनेकडे नको." सरला आत भाकरी थापत होती. तिला ऐकू गेलं असणारच. अक्का म्हणाल्या, "बरं. मन्हाजोडेच राही पोर."

दोन वर्षं हेच चाललं. सकाळी गौरीला अक्कांच्या मांडीवर ठेवायची, संध्याकाळी तिथूनच उचलायची. माझी गाडी गल्लीत वळली की त्या हात वर करायच्या. गौरी किती जेवली, कधी झोपली, कशावरून रुसली, सगळं घडाघडा सांगायच्या. बँकेत त्यांचं कौतुक करून करून मी लोकांचे कान किटवले होते.

द्वारदर्शनाला गौरीला घेऊन गेले. अक्का कुठे म्हणून विचारलं तर काय सांगायचं, याची धास्ती होती. गौरी अक्कांच्या फोटोसमोरून सरळ पुढे गेली, सरलाच्या कुशीत शिरली आणि तिच्या पदरात तोंड खुपसून झोपून गेली. मी बघतच राहिले. सरलाने मान खाली घातली. "अक्काले पहिलेपासूनच दिसे ना, ताई. बठ्ठं मीच करू. अक्का म्हने, तू सांगशी ते त्या पोर काढी लेतीन."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे अक्का आंधळ्या होत्या, गौरीचं सगळं सरलाच करत होती. तो वर जाणारा हात नुसत्या गाडीच्या आवाजावर होता, आणि घडाघडा सांगितलेलं सगळं सरलाकडून ऐकून घेतलेलं. मी जिला डोळे मिटून माझं लेकरू दिलं, तिने माझा केसाने गळा कापला. वयाचं निमित्त सांगून सरलाचा हात धरून सणाला माझ्या घरी आल्या, जेवल्या, गौरीची दृष्ट काढली, पण एकदाही मला विश्वासात घ्यावंसं वाटलं नाही. सांगितलं तर मी गौरीला काढून घेईन, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं... आणि बरोबर ठरवलं, याचाच जास्त राग येतो.

चार दिवस रजा काढून गौरीला घरी ठेवलं. पाचव्या दिवशी ती चपला घालून दारात उभी राहिली. ती अजून सरलाकडेच जाते.

गेल्या आठवड्यात आणखी एक बाई बाळासाठी चौकशीला येणार होत्या. सरला चाचरत म्हणाली, "ताई, घटकाभर तुम्ही ओटावर बठशात का?" मी अक्कांच्या जागेवर जाऊन बसले. बाई दोंडाईच्याहून नव्यानेच आलेल्या, शिक्षिका, कडेवर बाळ. मला म्हणाल्या, "तुम्हीच सांभाळता ना?" नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मला जसं फसवलं तसं मी कुणाला फसवणार नव्हते. सरलाला बाहेर बोलावलं, शेजारी बसवलं. "ही सांभाळते. माझी मुलगी हिनेच वाढवलीय." बाईंनी सरलाला विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

"नही," सरला म्हणाली.

बाई छान हसल्या. फोन करते म्हणाल्या आणि बाळाला घेऊन निघून गेल्या.

सरलाने ओट्यावरची सतरंजी झटकून आत नेली. बाईंचा फोन अजून आलेला नाही.