अक्कांना पाडायचं म्हणजे

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. एका सकाळी आम्ही दोघी दूध घेऊन घराकडं येत होतो. मागून मोटारसायकल आली, मागं बसलेल्यानं अक्कांच्या गळ्याला हात घातला आणि हिसका दिला. मंगळसूत्र तुटलं. अर्धं त्याच्या मुठीत गेलं, अर्धं अक्कांच्या पदरात राहिलं. अक्का तोल जाऊन डांबरी रस्त्यावर पाठीवर आपटल्या. मी ओरडेपर्यंत गाडी वळणाआड गेली होती.

सोन्याचं दुःख त्यांनी लवकर गिळलं. पण त्या बाहेर पडेनाशा झाल्या. माहेर मंद्रूपकडच्या खेड्यातलं. लग्नाआधी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन आठवडी बाजाराला जाणारी ही बाई आता भाजीवाल्याला गॅलरीतून हाक मारायची आणि पिशवी दोरीनं खाली सोडायची. भाऊजी, म्हणजे अक्कांचे यजमान, समजावून थकले. मीही थकले.

माझं ऑफिस सात रस्ता चौकाजवळ. तिथल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, की जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये सकाळी बायकांसाठी ज्युदोचा वर्ग चालतो. मी बघायला म्हणून गेले. एका कॉलेजातल्या मुलीनं आपल्याहून दीडपट जाड बाईला कमरेवर घेतलं आणि धाडकन खाली टाकलं. ती जाड बाई हसत उठली आणि म्हणाली, "परत." माझ्या अंगावर काटाच आला. त्या दिवशी ऑफिसात माझं कशात लक्ष लागलं नाही.

घरी येऊन चप्पल काढायच्या आधीच मी म्हणाले, "अक्का, आपण ज्युदो शिकू या."

"काय शिकायचं?"

"ज्युदो. कुस्तीसारखंच, पण कपडे धरून."

"कुणाचे कपडे?" अक्का घाबरून म्हणाल्या.

"एकमेकींचे हो!"

"न्हाय बाई. पोरांची लग्नं करायच्या वयात मी लोकांची कापडं वडत बसू व्हय?"

विषय तिथंच संपला असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या भाकरी थापत होत्या, मी डबे भरत होते. तव्यावर भाकरी टाकून, माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "तितं पडायला बी शिकवत्यात का गं?"

"सगळ्यात आधी तेच शिकवतात."

"मग येते."

त्यांना त्या रस्त्यावरचं पडणं किती खोल लागलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

ज्युदोचा ड्रेस म्हणजे जाड पांढरा कोट, पायजमा आणि कमरेला पट्टा. अक्कांनी जन्मात लुगडं-साडीशिवाय काही नेसलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी ड्रेसवरूनच साडी गुंडाळली आणि स्कूटरवर माझ्या मागं बसल्या. हॉलमध्ये कोपऱ्यात जाऊन साडी सोडली आणि दोन्ही हातांनी पायजमा धरून उभ्या राहिल्या.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"पायात वारं शिरतंय गं," त्या म्हणाल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुदकन हसल्या.

आमच्या मॅडम तिशीतल्या, विणकरांच्या घरातल्या. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि घाईत आल्या की दोन्हींची खिचडी. पहिल्या दिवसापासून त्यांनी आम्हाला फक्त पाडलं. म्हणजे आम्हीच आम्हाला पाडायचं. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला टेकवायची, पट्ट्याच्या गाठीकडं बघायचं, आणि पाठ गोल करून मागं जायचं. पाठ टेकता टेकता दोन्ही हात मॅटवर जोरात आपटायचे. मॅडम ओरडायच्या, "पडु! पडु!" मला वाटायचं त्या विचारतायत, पडू का? मी थांबून म्हणायचे, "पडा ना मॅडम." शेवटी कळलं, तेलुगूत पडु म्हणजे 'पड'. सगळा हॉल हसला.

आधी मला धीरच होईना. पाठीमागं काय आहे ते न बघता स्वतःला सोडून द्यायचं, हे आपण कधी केलेलंच नसतं. मान आखडायची, कोपर आधी टेकायचं. एका सकाळी मात्र जमलं. पाठ चाकासारखी फिरली, हात एकदम बसले, आणि असा काही खणखणीत आवाज आला, की बाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. काही म्हणजे काहीच लागलं नव्हतं! मी झोपल्या झोपल्याच ओरडले, "अक्का, ऐकलात का?"

"ऐकला की. आता माझा ऐक," त्या म्हणाल्या आणि माझ्याहून मोठा आवाज काढला.

पुढं जोड्या लावल्या. आमची वजनं सारखी, म्हणून जोडी आमचीच. आणि खरी पंचाईत तिथं सुरू झाली. लग्न होऊन आल्यापासून सणावाराला मी ज्यांच्या पाया पडत आले, त्यांची कॉलर धरायची! त्यात ज्युदोत पायाला पाय लागतोच. माझा पाय अक्कांना लागला, की मी कॉलर सोडून त्यांना हात लावायचे आणि तो हात कपाळाला न्यायचे. अक्काही तेच करायच्या. दोन मिनिटांत आम्ही लढण्यापेक्षा नमस्कारच जास्त केले.

मॅडम कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "काकू, सुरू करताना एकदा वाकायचं, संपल्यावर एकदा वाकायचं. मधले सगळे नमस्कार त्यातच आले. चला."

ते आम्हाला पटलं. पण तरी मी अक्कांना नुसतं ढकलल्यासारखं करायचे आणि त्या आपणहून खाली बसायच्या. मॅडम वैतागल्या. "काकू, तुम्ही पडताय की पंगतीला बसताय?"

शेवटी अक्कांनीच कोंडी फोडली. मॅडमनी कमरेवरून फेकायचा डाव शिकवला होता. समोरचीला आपल्याकडं ओढून तिचा तोल घ्यायचा, वळून आपली कंबर तिच्या कमरेखाली घालायची आणि तिला वरून पुढं सोडायची. अक्कांनी माझी बाही धरली, कॉलर धरली, खाली वाकल्या. मी वाट बघत होते, की आता त्या सोडून देतील. आणि एकदम माझे पाय जमिनीवर नव्हते! छतावरचा पंखा दिसला, मग खिडकी, मग पुन्हा पंखा, आणि धप्प! हात आपोआप आपटले. मी मॅटवर उताणी पडले होते आणि हसू आवरत नव्हतं.

अक्कांचा चेहरा मात्र पडला. "लागलं का गं? लई जोरात झालं का?"

"अक्का, मी उडाले! परत करा!"

त्यांनी परत केलं. परत परत केलं. लहानपणी जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यावर पुन्हा बसायची घाई व्हायची, अगदी तसं मला होत होतं.

मग माझी पाळी. मी हात लावला आणि अडले. अक्कांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. "हे बघ, हितं मी तुझी जाऊ न्हाय. घरला गेल्यावर परत हाय. आता टाक."

मी वळले, वाकले, त्यांचं वजन पाठीवर आलं, आणि ते वजन एकाएकी हलकं झालं. अक्का माझ्या कमरेवरून पलीकडं गेल्या आणि हात आपटून चोख पडल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून पाया पडले, ते काही मला थांबवता आलं नाही. मॅडमनी कपाळावर हात मारला.

उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर कुरडया घालत होतो. कडेला पाणी सांडलं होतं. अक्का घमेलं घेऊन वळल्या आणि त्यांचा पाय सरकला. घमेलं उडालं, चीक माझ्या तोंडावर आला, आणि त्या मागं गेल्या. हनुवटी छातीला, पाठ गोल, दोन्ही हात फरशीवर फाट्ट! अक्का आभाळाकडं बघत पडल्या होत्या. मग सावकाश म्हणाल्या, "डोसकं आपटलं न्हाय."

"नाही आपटलं!"

"आपोआप झालं गं. मी काय बी केलं न्हाय." आणि चिकानं माखलेल्या त्या गच्चीत बसून आम्ही दोघी पोट धरून हसलो. तळहात लालभडक झाले होते, ते त्या दिवसभर येईल-जाईल त्याला दाखवत होत्या.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर अक्का घरात नव्हत्या. गॅलरीत दोरी तशीच लोंबत होती. मी घाबरून खाली धावले. त्या समोरून चालत येत होत्या, एका हातात मेथी, एका हातात वांगी. "काय झालं? अशी का पळतीस?" त्यांनीच मला विचारलं. मी मेथीची जुडी घेतली आणि बरोबर चालू लागले. मॅडमनी आम्हाला सारखं बजावलं होतं, की रस्त्यावर कुणी साखळी ओढली तर डाव टाकत बसू नका, ओरडा आणि जीव सांभाळा. त्यामुळं आता आम्ही कुणाला लोळवू, असं काही आमच्या डोक्यात नव्हतं. अक्कांना चालता येत होतं, एवढंच. आणि मला ते फार मोठं वाटत होतं.

पिवळ्या पट्ट्याच्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या, परीक्षेला बाहेरचे एक पंच आले होते. घरचे सगळे बघायला आले. भाऊजी पहिल्या रांगेत, माझा नवरा त्यांच्या शेजारी. आधी पडणं झालं, डाव झाले, आणि शेवटी लढत. वजनं सारखी, त्यामुळं अर्थातच मी आणि अक्का.

आम्ही एकमेकींपुढं वाकलो. पंचांनी खूण केली आणि अक्का अशा आल्या, की मी मागंच सरकले. त्यांनी मला खाली ओढून दाबून धरलं. छातीवर पोत्यासारखं वजन. मी तडफडून कुशीवर वळले आणि निसटून उभी राहिले. हॉलमध्ये आरडाओरडा सुरू होता. भाऊजी बायकोच्या नावानं ओरडत होते, माझा नवरा कधी माझ्या बाजूनं, कधी वहिनीच्या. अक्कांनी पुन्हा पुढं पाऊल टाकलं, आणि मला जाणवलं, त्यांचा तोल माझ्याकडं येतोय. मी विचार केलाच नाही. वळले, बाही ओढली. अक्का हवेतून गेल्या आणि मॅटवर त्यांच्या हातांचा तो ओळखीचा आवाज आला.

"इप्पॉन!" पंचांनी हात वर केला. पुरा डाव, लढत संपली.

मी धापा टाकत उभी होते. अक्का उठल्या, ड्रेस नीट केला, पट्टा आवळला. केस सगळे मोकळे झाले होते, चेहरा लाल, डोळे चमकत होते. त्यांनी पंचांकडं बघून, अगदी बाजारात भाव ठरवावा तसं सांगितलं, "आणिक एक बारी होऊ द्या. ही एक तिची झाली, आता माझी."

पंच म्हणाले, "अहो, परीक्षा झाली. दोघी पास."

"ते ऱ्हाऊ द्या की," अक्का म्हणाल्या आणि माझी कॉलर धरली.