सगळ्यात मोठा आकडा

आमचे हे ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून रिटायर झाले, मुलगा बाहेरगावी गेला आणि त्याचा जुना कॉम्प्युटर घरी राहिला. मी शिकले कितीशी? पण व्हिडिओ पाहून, चुकत चुकत ऑक्टेव्ह नावाची आकडेमोडीची भाषा शिकले. मग पाणी तपासणाऱ्या एका छोट्या संस्थेत जाऊ लागले. जिवतीच्या डोंगरातल्या बोरिंगांचं पाणी दर महिन्याला बाटल्यांत यायचं. त्यातलं दात-हाडं खराब करणारं फ्लोराइड मोजायचं, आणि माझा प्रोग्राम एकेका बोरिंगचा सगळ्यात मोठा आकडा काढायचा. तो हद्दीच्या वर गेला की बोरिंगला लाल रंग, नाही तर हिरवा. लाल म्हणजे भांडी घासा, पण पिऊ नका.

मग नवी मॅडम आली. पोर गोड. म्हणाली, "काकू, आता सगळे पायथन वापरतात." आम्ही दोघींनी बसून सगळं तिकडे उतरवलं. मोठा आकडा काढायचं नाव तिकडेही तेच, मॅक्स. बारीकसारीक फरक दिसलेही. ऑक्टेव्ह एकपासून मोजतो, हा शून्यापासून. अडीचचा पूर्ण आकडा कर म्हटलं तर तो तीन सांगतो, हा दोन.

"मॅडम, अडीचचे दोन कोणत्या बाजारात होतात वं?"

ती हसली. "तेवढं सांभाळू, काकू."

नव्या प्रोग्रामप्रमाणे रंगरंगोटी झाल्यावर एकदा त्या डोंगरातल्या पाड्यावर गेलो. तिथली ओळखीची बाई खुशीत म्हणाली, "बरं झालं बाई, पाणी सुधरलं. आता पोरगी इथलंच पेते. खालच्या विहिरीवर जाच काम नाई."

पोरीचे दात आधीच पिवळे-तपकिरी. आणि बोरिंग हिरवं! सगळ्यात वाईट पाण्याचं ते बोरिंग.

परत येऊन आम्ही आकडे काढून पाहिले. एका महिन्याची बाटली रस्त्यात फुटली होती, म्हणून ती जागा रिकामी. ऑक्टेव्हचा मॅक्स रिकामी जागा सोडून बाकीच्यांतला मोठा आकडा देतो. पायथनमध्ये आम्ही घेतलेला मॅक्स एक जागा रिकामी दिसली की उत्तरही रिकामंच देतो. मग प्रोग्रामची पुढची ओळ विचारते, हे हद्दीपेक्षा मोठं आहे का? रिकामं कशापेक्षा मोठं असणार! उत्तर आलं, नाही. नाही म्हणजे हिरवा. ना कुठे चूक दाखवली, ना साधी सूचना.

मॅडमनं स्क्रीनवरचं वाचून दाखवलं. असं का केलं त्याची कारणं आहेत म्हणे, दोन्हीकडची. रिकामी जागा सोडणारा मॅक्सही आहे पायथनवाल्यांकडे, वेगळ्या नावाचा. ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. शी! अरे, काम वेगळं तर नाव तरी तेच काऊन ठेवता? थंड खोलीत बसून रिकाम्या जागेचा मान राखता, आणि इथी पोरगी ते पाणी पिऊन राह्यली.

दुसऱ्या दिवशी लाल रंगाचा डबा घेऊन दोघी पाड्यावर गेलो. ती बाई पाण्याचा गुंड घेऊन पोरीसोबत बोरिंगपाशी उभीच होती.

"आता काऊन लाल?"

"आमचा हिशेब चुकला, बाई. पाणी खराबच आहे."

"पयले लाल, मंग हिरवा, आता परत लाल. तुमच्याजवळ डब्बे लय दिसून राह्यले!"

मॅडमनं समजावलं, आकडे सांगितले, पोरीच्या दातांकडे बोट दाखवलं. बाईनं सगळं ऐकून घेतलं.

"उद्या तुमची मशीन अजून काई सांगन," ती म्हणाली. "तुमी रंग लावा. मी पाणी भरतो."

ती हातपंपाचा दांडा मारू लागली. पोरीनं तोटीखाली ओंजळ धरली.

"नको गं," मी म्हटलं.

पोरीनं आईकडे पाहिलं.

"पे," आई म्हणाली.