जखमेत पू नव्हता तेव्हा

जळगावहून धुळ्याच्या बालरुग्ण विभागात मी नव्याने रुजू झाले आणि पहिल्याच फेरीत डॉ. देवरे यांनी, म्हणजे आमच्या नानांनी, माझी खरडपट्टी काढली. आज नाना पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि मला त्या बोलण्याचीच फार आठवण येते आहे.

साक्रीकडच्या एका शेतकरी घरातली आठ महिन्यांची सोनी दाखल होती. पायाला चिघळलेली जखम, अंगात ताप. तिच्याआधीचा भाऊ असाच तापात गेला होता. मी केसपेपरवर ऐटीत लिहिले, ‘जखमेत पू नाही.’ नानांनी ते वाचून चष्मा काढला. “रक्तात पांढऱ्या पेशी एवढ्या वाढल्यात आणि जखमेत पू नाही? यात आनंद कसला, बाई?” मी ओशाळले.

घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारल्याशिवाय नाना निदान करत नसत. खाटेशेजारी सोनीची आजी बसली होती.

“अक्का, पोरनी नाळ कव्हय पडनी?”

“महिना व्हई गया तरी पडनी नही, नाना. तिना भाऊनी बी तशीच.”

नानांचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर त्यांनी मला समजावले. नाळ एरवी आठ-दहा दिवसांत गळते, आणि ती गळायलाही पांढऱ्या पेशीच लागतात. आईबाप दोघांकडूनही एकच बिघडलेला जनुक आला की पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडू शकत नाहीत. रक्तात नुसती गर्दी करतात, जखमेपर्यंत पोहोचतच नाहीत. मग पू कुठून होणार?

मुंबईच्या तपासणीत तेच निघाले. सोनीच्या मोठ्या बहिणीची अस्थिमज्जा जुळली, पण एक लेकरू गमावलेले आईबाप त्या मोठीला सुई लावू देईनात. नाना एसटीने दोनदा त्यांच्या गावी गेले, ओट्यावर बसून चहा प्यायले, शेवटी रजा काढून त्यांच्यासोबत मुंबईलाही गेले. तिथे बहिणीची मज्जा सोनीला दिली गेली. एवढी माया मी दुसऱ्या कुठल्या साहेबात पाहिली नाही.

दीड वर्षाने सोनीचे वडील तिला खांद्यावर घेऊन ओपीडीत धावत आले. पोरीचा गुडघा फुटलेला.

“नाना, दखा, पू व्हयना!” पू झाला, म्हणून ते आनंदाने ओरडत होते.

रांगेतले लोक या बाबाला वेड लागले की काय म्हणून बघत राहिले. नानांनी गुडघा नीट पाहिला, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, “लिहा बाई. पू आहे.” मला अक्षर दिसत नव्हते, तरी लिहिले.

नाना, आपण शंभरी गाठावी, धडधाकट राहावे आणि आम्हाला असेच रागवावे. सोनी आता कॉलेजात आहे. सत्काराला हार आणणार नाही म्हणते, गुडघ्यावरचा व्रण दाखवायला येणार आहे.