हेडचे नट

लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात माझा पावडरचा डबा नाहीसा झाला. घरात सासूबाई नव्हत्या, नणंद नव्हती, बाई म्हणून मी एकटीच. मग पावडर लावतंय कोण? संध्याकाळी चिंचपोकळीला आमच्या गॅरेजवर गेले, तर माझे सासरे, अप्पा, एका जुन्या गाडीच्या इंजिनावर वाकून माझी गुलाबाच्या वासाची पावडर शिंपडत होते. आधी रॉकेलने इंजिन लख्ख धुवायचं, पुसून कोरडं करायचं, त्यावर पावडर मारायची आणि गाडी चालू करून बघत बसायचं. पांढऱ्या पावडरीवर पहिली ओली रेघ जिथे उमटेल, तिथे गळतीचं मूळ.

"तेल खय गळता ता बघू नको," मला म्हणाले, "खयसून येता ता बघ." तेल निघतं वरून, ओघळत, वाऱ्याने मागे ढकललं जात भलतीकडेच टपकतं, आणि लोक टपकतं तिथेच डागडुजी करत बसतात, हे त्यांनी मला अगदी प्रेमाने समजावलं. डबा घेतल्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

जुन्या गाड्यांचा शौक असलेले लोक पार कुलाब्यापासून अप्पांकडे यायचे. गाडी धूर सोडते, चढावर दम टाकते, अशी तक्रार असली की प्रत्येकाचा स्वतःचा अंदाज तयार असायचा. अप्पा हात वर करून त्याला गप्प करायचे. "आधी सुयेक बोलूक दी, मगे तोंड उघड." प्लग काढून त्या जागी प्रेशरचं घड्याळ लावायचं आणि इंजिन फिरवायचं. सुई खालीच राहिली, तर सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा बघायचं. तेलाने सुई चढली तर रिंगा झिजल्या. नाहीच चढली तर दुखणं वर, व्हॉल्व्हमध्ये नाहीतर सांध्यातल्या गास्केटमध्ये. तोवर ते कुणालाही दोष द्यायचे नाहीत, ना ड्रायव्हरला, ना आधीच्या मेकॅनिकला. मला याचं फार कौतुक होतं. असा सासरा मिळाला म्हणून मी माहेरी मिरवायचे.

गॅरेजात नितीन, माझा नवरा, त्यांच्या हाताखाली होता. हात चांगला होता त्याचा, अप्पांहून हलका. अप्पा त्याला सगळं करू द्यायचे, फक्त एक काम सोडून. इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, परत बसवलं की त्याचे नट आवळायचे ते अप्पांनीच. मधल्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, थोडं थोडं, फेऱ्या घेत. सगळ्या गॅरेजला हे माहीत होतं. नितीन हेड बसवून पाना त्यांच्या हातात द्यायचा आणि दोन पावलं मागे सरायचा. देवाला नैवेद्य दाखवतानासुद्धा आमच्याकडे एवढी शिस्त नसते.

एकदा ठाकूरद्वारच्या एका गृहस्थांची गाडी आली. वडिलांची आठवण म्हणून त्यांनी ती जिवापाड जपलेली. नितीनने हेड उतरवून व्हॉल्व्ह घासले, नवीन गास्केट घातलं. गाडी गेली आणि चार दिवसांत परत आली, खाली तेलाचं थारोळं आणि ताकद अर्धी. मी जेवणाचा डबा घेऊन पोचले तेव्हा ते गृहस्थ ओरडत होते, शेजारच्या गाळ्यातली माणसं गोळा झाली होती. अप्पांनी पावडर काढली नाही. घड्याळ लावलं नाही. नितीनच्या हातातला पाना हिसकावून घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्येच्या हातात पानो दिलंय, हीच माझी चूक."

'माझी चूक' हे शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकले, ते हे असे.

नितीनने हात पुसले आणि घरी निघून आला. दुसऱ्या दिवशी अप्पांना डबा द्यायला मी एकटीच गेले. गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं. इंजिन धुतलेलं, पावडर मारलेली, आणि हेडच्या सांध्यातून तेलाची ओली रेघ सरळ खाली उतरलेली. अप्पा हातात चमचा घेऊन सुईकडे बघत उभे होते. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचं प्रेशर पडलेलं, आणि तेल घालूनही सुई हलत नव्हती. एव्हाना एवढं मलाही कळायला लागलं होतं. हेड नीट आवळलं गेलं नाही की दोन सिलिंडरांमधलं गास्केट असं सुटतं.

"अप्पा, हेडचे नट कोणी आवळले होते?"

ते चमचा पुसत म्हणाले, "डबो उघड. भाकरी थंड झाली."

"नितीनला सांगाल ना?"

"गॅरेजावर माझा नाव आसा गो."

मी घरी येऊन नितीनला सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मला माहितीय. कानाला फोन लावून आवळत होते, मंडळाच्या मीटिंगवरून कोणाशी तरी वाद चालला होता. मी बाजूलाच होतो." मी चिडले, तेव्हाच का बोलला नाहीस म्हणून. "बोलतील ना ते. एकदा फक्त त्यांच्या तोंडून मला ऐकू दे."

त्याने कॉटन ग्रीनला एका गोदामात नोकरी धरली. पुन्हा कधी पान्याला हात लावला नाही. स्वयंपाकघरातला नळ ठिबकला तरी प्लंबर बोलवायचा. दोन खोल्यांत बापलेक वर्षानुवर्षं समोरासमोर जेवले. अप्पा त्याच्या ताटात माशाची मधली तुकडी वाढायचे, आजारपणात त्याच्या उशाशी बसायचे. प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण त्या एका वाक्याची वाट बघताना माझ्या नवऱ्याचे केस पांढरे झाले, आणि त्याबद्दल मी अप्पांना माफ केलेलं नाही.

शेवटी हॉस्पिटलात नितीन त्यांना पेज भरवत होता. अप्पांनी त्याचं मनगट धरलं. "ती ठाकूरद्वारची गाडी..." नितीनच्या हातातला चमचा थांबला. "मगे कधी गळाक नाय ती."

"हो अप्पा," नितीन म्हणाला, आणि त्यांचं तोंड पुसलं. दोन दिवसांनी ते गेले.

भेटायला आमचं अख्खं लालबाग लोटलं. ठाकूरद्वारचे ते गृहस्थही आले, नितीनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्याकडून तेव्हा काम बिघडलं, पण अप्पांनी असं काही दुरुस्त केलं की आजपर्यंत थेंब नाही!" नितीनने हात जोडले. मला राहवलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "हेडचे नट अप्पाच आवळायचे. नितीनला कधी हातसुद्धा लावू दिला नाही त्यांनी."

घरभर माना डोलल्या. "खरंय वहिनी," त्या गृहस्थांनी डोळे टिपले, "असा कारागीर आता होणे नाही."