आपल्याकडच्या माणसाचा शब्द

अमडापूरच्या घराची चावी आईनं भाडेकरूच्या हातात दिली आणि गाडीत बसेपर्यंत मागं वळून पाहिलं नाही. बाबा मात्र दोनदा उतरले, एकदा नळ बंद आहे का बघायला आणि एकदा उगाच. लेकीच्या घरी राहायला चालले म्हणून गल्लीत कुजबुज झालीच होती. मी एकुलती एक, पुण्यात नोकरीला. मी नाही नेणार तर कोण नेणार?

पण न्यायच्या आधी, नोकरी टिकेल ना, असं मी माझ्या मॅनेजरला विचारलं होतं. तो उंद्रीचा, पुण्यातल्या नव्हे, आमच्या अमडापूरजवळच्या. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इकडं आले त्यांना ठाऊक आहे, आपल्याकडचं कोणी भेटलं की किती जीव लागतो. ऑफिसात तो सगळ्यांशी इंग्रजी झाडायचा, माझ्याशी मात्र आपल्या बोलीत बोलायचा. आई पुण्याला आली की हक्कानं जेवायला यायचा. तेव्हा कंपनीत माणसं कमी करणार अशी कुणकुण होती. मोठे साहेब सगळ्या कंपनीच्या बैठकीत, त्या ‘टाउन हॉल’मध्ये, ‘आपण एक कुटुंब आहोत’ म्हणाले, त्यावर माझा काडीचा विश्वास बसला नाही. ह्याच्यावर बसला.

‘काऊन भेऊन राह्यली ताई? तुहं नाव असतं तं मी तुले पह्यलेच सांगतलं असतं. घेऊन ये काका-काकूले बिनधास्त.’

ते येऊन महिनाही झाला नसेल, एका सकाळी अचानक मीटिंग लागली. स्क्रीनवर एचआरची कधी न पाहिलेली बाई वाचून दाखवत होती. पुनर्रचना, कठीण निर्णय, तुमच्या योगदानाबद्दल आभार. बाजूच्या चौकटीत त्याचं नाव होतं, कॅमेरा बंद. मीटिंग संपली आणि लॅपटॉप लॉक झाला. आत आई पोळ्या लाटत होती.

बाबांच्या शाळेतली तुकडी तुटली आणि ते अतिरिक्त ठरले, तेव्हा कागद यायच्या आधी हेडमास्तर स्वतः घरी आले होते. ‘गुरुजी, तुमाले जा लागते. माह्या हातात काई नाही,’ म्हणाले. बाबांना पार वरवट बकालला जाऊन खोली करून राहावं लागलं. पण हेडमास्तरांबद्दल त्यांच्या तोंडून कधी वाकडा शब्द निघाला नाही.

मी बाबांना नोकरी गेल्याचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘त्या उंद्रीवाल्यालेबी माहीत नव्हतं?’

माहीत होतं. मी विचारलं त्याच्या आधीच यादी त्याच्याकडे आली होती, हे मला नंतर कळलं. नोकरी गेल्याचा राग आहेच, पण हे मला गिळता येत नाही. कंपनीनं त्याचं तोंड बांधलं असेल, मान्य. ‘मले बोलता येत नाही’ एवढं म्हणाला असता तरी मी समजले असते. आई-बाबांना त्यांच्या घरातून उठवलं नसतं. आता तिथं दुसऱ्याचा संसार मांडलाय, आणि इथला फ्लॅट किती दिवस ठेवता येईल माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. वाटलं, माफी मागेल.

‘ताई, गावाकडं कोनाले सांगू नको वो. माह्या बाबाले समजलं तं मले दारात उभं नाही करनार.’

मी फोन ठेवला. माझं घर सध्या कुठं आहे, मला सांगता येत नाही. त्याचं अजून उंद्रीलाच आहे.